गाणं कुणाचं, गळा कुणाचा

आज गाण्यांवर बोलायचंय, पण हा फर्माइशीचा कार्यक्रम नाही हं. तो नेहमीप्रमाणे नंतर आहेच. त्याआधी एक गोष्ट सांगतो आणि जमलं तर एक गुंता सोडवतो. गुंता आमच्याच अंगणातला आहे.

आमच्या केंद्रावर शनिवारी दुपारी काही मुली येतात. कुणी बातम्या वाचायला शिकतं, कुणी मशीन चालवायला, कुणी नुसत्याच गप्पा मारतात. त्यातली एक गाते. मामेभावाची जुनी गिटार तिच्याकडे आहे, तिची एक तार कायम उतरलेली. सुरुवातीला ती सिनेमाची गाणीच म्हणायची, पण स्वतःच्या पद्धतीनं. नाचाचं गाणं घ्यायची आणि असं हळू म्हणायची की ऐकणारीला वाटावं, अरे, हे तर रडण्याचं गाणं आहे! मग गेल्या पावसाळ्यात तिनं स्वतःच एक गाणं रचलं. शब्द तिचे, चाल तिची. विषय काय, तर सकाळची सहा चाळीसची एसटी. ती गाडी गाठली तर कॉलेज. चुकली तर कॉलेज बुडालं. आणि असं दोन-चारदा झालं की घरात सुरू होतं, कशाला जातेस एवढी धावपळ करून. एवढंच गाणं. आम्ही ते ध्वनिमुद्रित केलं, कार्यक्रमात लावलं, तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी फोन करून पुन्हा मागितलं.

नवरात्रात शेजारच्या गावच्या एका मंडळाचा ऑर्केस्ट्रा होता. तिथे हेच गाणं एका मुलानं म्हटलं. कीबोर्ड, ढोलक, मागे दिवे. लोकांनी वन्समोअर दिला. गाण्यातल्या 'जाते'चं 'जातो' झालं होतं आणि घरच्या बोलण्याचं कडवं गाळलं होतं. गाणं कुणाचं ते कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीची आई आमच्याकडे आली. "ताई, माझ्या पोरीचं गाणं चोरलं का हो त्यांनी?" आम्ही काही बोलायच्या आत पोरगीच म्हणाली, "चोरलं नाही गं आई, कव्हर केलं. मी पण करतेच की." आणि आम्हाला उत्तर सुचेना. कारण तिचंही बरोबर होतं आणि आईचंही.

म्हणून आज कव्हर म्हणजे काय, ते आधी पाहू.

एकानं आधी गाऊन प्रसिद्ध केलेलं गाणं दुसऱ्यानं पुन्हा स्वतःच्या आवाजात, नव्यानं वाजवून ध्वनिमुद्रित करायचं, त्याला कव्हर म्हणतात. आपल्याकडे कॅसेटच्या काळात याला 'व्हर्जन' म्हणायचे. आठवतंय ना? १९८०च्या दशकात जुन्या सिनेमांची गाणी नव्या गायकांच्या आवाजात स्वस्तात मिळायला लागली. जत्रेत, एसटी स्टँडवर ढीग लागलेले असायचे. लतादीदींची म्हणून घरी आणायची आणि लावली की आवाज भलताच. झाकणावरचा सिनेमा मोठ्या अक्षरात, गाणाऱ्याचं नाव बारीक. कायद्यात तेव्हा सोय होती की मूळ गाणं निघून दोन वर्षं झाली आणि ठरलेली रॉयल्टी भरली, तर नवं ध्वनिमुद्रण करता येईल. टी-सिरीजचा पाया त्या सोयीवर बराचसा उभा राहिला. त्यातूनच नवे गळेही पुढे आले, हे विसरून चालणार नाही.

हल्ली मुलं करतात ते कव्हर मात्र नक्कल नसतं. त्याला ती 'इंडी' कव्हर म्हणतात. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र. मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय, आपल्या खोलीत बसून, एक माईक आणि एक गिटार घेऊन केलेलं. (आमच्याकडे माईकसोबत दोन गोधड्याही लागतात. भिंतीवर टांगल्या की आवाज घुमत नाही. पाहुण्यांना वाटतं वाळत घातल्यात.)

यात गाणं बदलतं कसं, ते ऐकण्यासारखं आहे. पहिलं म्हणजे लय. तेच गाणं निम्म्या लयीत म्हटलं की प्रत्येक शब्दाला जागा मिळते, आणि एरवी तालाच्या भरात निसटलेला अर्थ कानावर येतो. दुसरं, वाद्यं काढून टाकायची. ढोलकीसकट आणि ढोलकीशिवाय एकच ओळ आम्ही इथे रेडिओवर म्हणून दाखवली होती. छापील पानावर ते कसं दाखवणार! तुम्ही घरी करून बघा. तिसरं, पट्टी. पुरुषानं वरच्या पट्टीत आरडून म्हटलेलं गाणं बाई खालच्या पट्टीत, माईकच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हणते, तेव्हा तेच शब्द कुणाच्या तरी कानात सांगितल्यासारखे वाटतात. आणि सगळ्यात मोठा बदल असतो तो कोण म्हणतंय याचा.

याचं जुनं आणि पक्कं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ओटिस रेडिंग नावाच्या काळ्या गायकानं १९६५ साली 'रिस्पेक्ट' हे गाणं लिहिलं आणि गायलं. कामावरून दमून आलेला पुरुष घरच्या बाईकडे मान मागतो, असं ते गाणं. १९६७ साली अरेथा फ्रँकलिन यांनी तेच गाणं गायलं. काही शब्द फिरवले, काही आपल्या बहिणींच्या साथीनं घातले, आणि आता बाई मान मागू लागली. मागणं नव्हतंच ते, बजावणं होतं. आज जगाला ते गाणं अरेथा यांचंच म्हणून माहीत आहे. पण गीतकार म्हणून हक्क राहिला रेडिंग यांचा. आणि अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की पैसे गीतकार-संगीतकाराला मिळतात, गायकाला मिळत नाहीत. म्हणजे अरेथा यांचा आवाज रेडिओवर इतकी वर्षं वाजतोय, पण त्या वाजण्याचे पैसे त्यांना नाहीत. इथे अन्याय गाणारीवर झाला, हेही बघून ठेवा. पुढे लागणार आहे.

आता ज्या गाण्याची आम्हाला त्या एसटीच्या गाण्यावरून आठवण झाली, त्याकडे येऊ. त्याचं नाव 'फास्ट कार'. जोरात धावणारी मोटार. लिहिणारी, चाल लावणारी आणि गाणारी एकच, ट्रेसी चॅपमन.

ट्रेसी यांचा जन्म १९६४ चा, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरातला. काळं, गरीब घर, वडील वेगळे झालेले, आईनं वाढवलेलं. आईनं तिसऱ्या वर्षी हातात युकुलेले दिलं, म्हणजे चार तारांची छोटी गिटारच म्हणा. आठव्या वर्षापासून ती गिटार वाजवू लागली. शिष्यवृत्तीवर चांगल्या शाळेत गेली, पुढे बॉस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठात. शिकता शिकता रस्त्यावर आणि कॉफीच्या दुकानांत गायची. बरोबरच्या एका विद्यार्थ्याचे वडील संगीताच्या धंद्यातले होते, त्यांच्यापर्यंत गाणी पोहोचली. १९८८ साली पहिली तबकडी निघाली, त्यात हे गाणं.

गाण्यात आहे काय? दुकानात काउंटरवर बसणारी एक तरुण बाई. बाप दारुडा. आई सोडून गेलेली. बापाचं करायला तिनं शाळा सोडलीय. जोडीदाराकडे मोटार आहे, त्यात बसून दोघं शहराकडे निघतात, नवं आयुष्य करायला. तिला वाटतं, आता सुटलो. शेवटी ती नोकरी करते, घर चालवते, आणि जोडीदार दारूच्या गुत्त्यात. बापाच्या घरून निघाली आणि तशाच घरात येऊन पोचली. मग ती त्याला सांगते की ठरव आता. मैत्रिणींनो, हे कुठल्या देशातलं म्हणून सांगायची गरज आहे का? आमच्या बैठकीत हे ऐकवलं, अर्थ सांगितला, तेव्हा एक मावशी एवढंच म्हणाल्या, "मोटार तेवढी आमच्याकडं नव्हती."

हे गाणं जगापुढे आलं ते एका गडबडीतून. ११ जून १९८८ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त मोठा कार्यक्रम होता. मंडेला तेव्हा तुरुंगात. साठहून अधिक देशांत तो टीव्हीवर दिसत होता. ट्रेसी यांनी दुपारी आपली गाणी म्हणून झाली होती. संध्याकाळी स्टीव्ही वंडर यायचे, पण त्यांच्या वाद्याचा एक महत्त्वाचा भागच सापडेना. रिकामी वेळ भरायला कुणाला पाठवायचं? जिला फक्त गिटार लागते तिला. ट्रेसी पुन्हा आल्या, एकट्या, आणि 'फास्ट कार' म्हटलं. पुढच्या आठवड्यांत तबकड्या धडाधड खपल्या. अमेरिकेच्या यादीत गाणं सहाव्या क्रमांकावर गेलं. १९८९ साली तीन ग्रॅमी मिळाले.

त्यानंतर या गाण्याची कव्हरं पुष्कळ झाली. त्यातल्या दोनच सांगतो. २०१५ च्या शेवटी जोनास ब्लू या इंग्रज संगीतकारानं एका गायिकेच्या आवाजात ते नाचाच्या ठेक्यावर आणलं. शब्द तेच, पण ठेका असा की समुद्रकिनारी पार्टी चाललीय. इंग्लंडमध्ये ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. आमचं मत विचाराल तर गाणं वरवर शाबूत आणि आतून पोकळ झालं. आमच्या मुलींना मात्र तेच जास्त आवडलं, हेही प्रामाणिकपणे सांगून टाकतो.

दुसरं २०२३ सालचं. ल्यूक कोम्ब्स हा अमेरिकेच्या ग्रामीण ढंगाच्या, म्हणजे कंट्री संगीताचा गायक. गोरा, धिप्पाड, दाढीवाला, १९९० साली जन्मलेला. लहानपणी वडिलांच्या गाडीत हे गाणं ऐकून वाढलेला. त्यानं ते जवळपास जसंच्या तसं गायलं. गिटारची सुरुवात तीच. आणि गाण्यात जिथे ती दुकानातली मुलगी स्वतःला मुलगी म्हणते, तिथे त्यानंही 'मुलगी'च म्हटलं. दाढीवाला माणूस हजारोंच्या गर्दीपुढे 'मी दुकानात कामाला असलेली मुलगी' अशा अर्थाचं गातो आणि कुणी हसत नाही. इंग्रजीत क्रियापदाला लिंग नसतं, त्यामुळे त्याला एकच शब्द सांभाळायचा होता. आपल्या मराठीत 'जाते', 'येते', 'थकले', सगळीकडेच बाई उभी असते. आपल्याकडे हे जास्त अवघड आहे, हे मान्य.

कोम्ब्सचं गाणं अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचलं, ट्रेसी यांच्या मूळ गाण्याहून वर. मग वाद सुरू झाला. काळ्या बाईचं गाणं कंट्रीच्या शिखरावर जायला गोऱ्या पुरुषाचा गळाच लागतो का? प्रश्न खोटा नव्हता. कंट्री संगीतात काळ्या बायकांना फार कमी जागा मिळालीय. पण हिशेबाची दुसरी बाजूही बघा. शब्द आणि चाल दोन्ही ट्रेसी यांच्या एकट्याच्या, त्यामुळे त्या गाण्याच्या प्रत्येक खपाचा वाटा त्यांना. नोव्हेंबर २०२३ मध्ये कंट्री संगीताच्या संघटनेनं 'वर्षातलं गीत' हा पुरस्कार दिला. तो गीतकाराला असतो, गायकाला नव्हे. गाणं निघून पस्तीस वर्षं झाल्यावर तो ट्रेसी यांना मिळाला आणि हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या काळ्या गीतकार ठरल्या. ४ फेब्रुवारी २०२४ च्या ग्रॅमी सोहळ्यात दोघं एकत्र गायले. ट्रेसी यांचे केस पिकलेले, हातात गिटार. कोम्ब्स त्यांच्याकडे बघत, ओठांनी त्यांचे शब्द म्हणत उभा. ज्यांच्या घरी इंटरनेट आहे त्यांनी ते अवश्य बघा. दाद कुणाला मिळतेय याबद्दल त्या मंचावर कुणाचा गोंधळ नव्हता.

ट्रेसी सगळ्यांनाच होकार देतात असं मात्र नाही. निकी मिनाज या रॅप गायिकेनं त्यांच्या दुसऱ्या एका गाण्याचे शब्द आणि चाल आपल्या नव्या गाण्यात वापरली. परवानगी मागितली, ट्रेसी नाही म्हणाल्या, तरी ते गाणं रेडिओवर वाजलं. २०१८ साली ट्रेसी न्यायालयात गेल्या. न्यायालयाचं म्हणणं पडलं की खोलीत बसून प्रयोग करून बघणं हा गुन्हा नाही, ती कलावंताची मोकळीक आहे. पण ते लोकांपर्यंत गेलं कसं, हा प्रश्न उरला. तो २०२१ च्या जानेवारीत तडजोडीनं मिटला आणि ट्रेसी यांना साडेचार लाख डॉलर मिळाले. कव्हर आणि हे, यातला फरक इथे आहे. कव्हर म्हणजे गाणं आहे तसं ठेवून आपल्या गळ्यातून म्हणणं. अमेरिकेत त्यासाठी परवानगी मागावी लागत नाही, ठरलेले पैसे भरले की झालं. ही सोय १९०९ पासूनची आहे. गाण्याचा तुकडा काढून, त्यात आपलं घालून वेगळंच काही करायचं असेल तर मात्र विचारावं लागतं.

नाही म्हणण्यावरून डॉली पार्टन आठवल्याच पाहिजेत. १९७४ साली त्यांचं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' आलं. ज्यांच्याबरोबर त्या कार्यक्रम करत त्यांच्यापासून वेगळं होताना लिहिलेलं. तेव्हाचा सगळ्यात मोठा गायक, एल्विस प्रेस्ली, ते गाणार म्हणाला. डॉलीताई हरखल्या. मग त्याच्या व्यवस्थापकानं सांगितलं की गाण्याच्या प्रकाशनाचे निम्मे हक्क आम्हाला द्या, तरच गाऊ. त्यांनी नकार दिला आणि रात्रभर रडल्या, असं त्या स्वतः सांगतात. एल्विसनं ते गाणं गायलंच नाही. १९९२ साली 'द बॉडीगार्ड' सिनेमात व्हिटनी ह्यूस्टन यांनी ते गायलं. चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर. हक्क शंभर टक्के डॉलीताईंकडे. त्या पैशातून नॅशव्हिलमधल्या काळ्या वस्तीत एक इमारतींचा संच विकत घेतला, असं त्या पुढे म्हणाल्या. आम्ही एकमेकींना विचारलं, आपल्यापैकी कुणी असं नाही म्हटलं असतं का? बहुतेक जणी म्हणाल्या, एल्विस गातोय म्हटल्यावर आम्ही घरचा पाटासुद्धा दिला असता.

आता आपल्याकडचं.

आपल्याला एक माणूस लिहितो, दुसरा चाल लावतो, तिसरा गातो, याची सवय आहे. आकाशवाणीवर भावगीत लागलं की तीन नावं ऐकू यायची. 'सिंगर-साँगरायटर', म्हणजे तिन्ही एकच, याला आपल्याकडे रोजच्या वापरातला शब्द नाही, पण तशी माणसं होती. शाहीर म्हणजे दुसरं कोण? आणि जात्यावर ओवी रचणारी आपली आजी म्हणजे तरी कोण? फक्त तिचं नाव कुणी विचारलं नाही. ओवी एका गळ्यातून दुसरीच्या गळ्यात जायची, दुसरी तिच्यात आपल्या भावाचं नाव घालायची, आपलं गाव घालायची. सगळं कव्हरच. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि गाणारणींची नावं, गावं टिपून ठेवली. आज त्या 'परी' या संस्थेच्या संग्रहात ऐकायला मिळतात. पण ओवीचे पैसे कधी नव्हते, म्हणून भांडणही नव्हतं. मंचावर तिकीट लागलं, मोबाईलवर जाहिरात आली, की नाव विचारावं लागतं.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. त्यातलं आपल्या कामाचं तेवढं सांगतो. एका गाण्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. तिघांचे हक्क वेगवेगळे असू शकतात. आपण कराओके ट्रॅक लावून गातो ना, तिथे आवाज आपला असला तरी तो ट्रॅक कुणाचं तरी ध्वनिमुद्रण असतं. आमच्या मुलीला एकदा मोबाईलवर 'क्लेम' आला तो यामुळेच. ती घाबरून रडायला लागली, आता पोलीस येणार म्हणून. तसं काही नसतं. यूट्यूबचं यंत्र गाण्याचा ठसा ओळखतं आणि मालकाला कळवतं. क्लेम म्हणजे बहुतेक वेळा व्हिडिओ तसाच राहतो, फक्त जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात. 'स्ट्राइक' आला तर मात्र गंभीर. नव्वद दिवसांत असे तीन आले तर चॅनेलच बंद होऊ शकतं.

ध्वनिमुद्रण करून विकायचं कव्हर असेल तर कलम ३१क लागतं. इंग्रजीत ते ३१सी. मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झालं, ते संपल्यावर पाच वर्षं थांबायचं. आधी कळवायचं. दर वर्षी प्रत्येक गाण्यामागे किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरायची. वेष्टनावर हे कव्हर आहे असं लिहायचं, मूळ गायकाचं नाव किंवा चित्र टाकायचं नाही. आणि तांत्रिक गरजेपलीकडे शब्दांत, चालीत बदल करायचा नाही. तेव्हाच्या कॅसेटची झाकणं आठवा, म्हणजे हे नियम कशासाठी आले ते लगेच कळेल. खोलीत गिटार घेऊन बसलेल्या मुलीला पन्नास हजार प्रतींचे पैसे कुठून येणार, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. बरोबर आहे. हा नियम कंपन्या डोळ्यांपुढे ठेवून केलाय. मुलींनी मूळ हक्कदाराकडून लेखी परवानगी घ्यावी, हाच सरळ मार्ग.

त्याच दुरुस्तीनं एक फार चांगली गोष्ट केली. गीतकार आणि संगीतकार यांनी गाण्याचे हक्क कंपनीला दिले, तरी रॉयल्टीतला त्यांचा समान वाटा आता त्यांना सोडून देता येत नाही. सही करून घेतली तरी तो वाटा राहतो. फक्त वारसांना किंवा आयपीआरएससारख्या कॉपीराइट सोसायटीलाच तो देता येतो. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत यासाठी जोर लावला होता. गायकांनाही रॉयल्टीचा हक्क याच वेळी कायद्यात आला. लताबाईंनी हीच मागणी १९६०च्या दशकात केली होती, आणि त्यावरून रफीसाहेबांशी मतभेद होऊन दोघं काही वर्षं एकत्र गायले नव्हते.

आता त्या मंडळाकडे येतो. हौशी मंडळींनी बिनतिकिटाच्या कार्यक्रमात गाणं म्हणायला कायद्यात बरीच सूट आहे. म्हणजे म्हणणं हाच गुन्हा, असं आम्हाला म्हणता आलं नसतं. पण कलम ५७ वेगळं आहे. ही कृती माझी आहे असं सांगण्याचा हक्क रचणारीकडे कायम राहतो, आणि तिच्या नावाला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर हरकतही घेता येते. हक्कासाठी नोंदणी सक्तीची नाही. गाणं कागदावर किंवा मोबाईलमध्ये उतरलं, की हक्क आला. पुरावा हवा म्हणून नोंदणी करायची तर शब्दांच्या कृतीला ५०० रुपये आणि चालीच्या कृतीला ५०० रुपये शुल्क आहे. निदान वहीत तारीख घालून लिहायचं आणि त्याच दिवशी फोनवर गाऊन ठेवायचं, एवढं तर फुकट आहे.

हे सगळं वाचून, कळून, जरा तावातावानंच आम्ही दोघी-तिघी त्या मुलाला भेटायला गेलो. मुलगा साधा निघाला. म्हणाला, "मावशी, व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं. नावच नव्हतं त्यात." आणि फोन काढून ऐकवलं. ती फीत आमचीच होती. आमच्याच कार्यक्रमातली. निवेदन वेगळं ध्वनिमुद्रित केलेलं, गाणं वेगळं. पुढे पाठवताना आमच्याकडच्याच कुणीतरी निवेदन कापून फक्त गाणं पाठवलं होतं, गिटारच्या पहिल्या तारेपासून. नाव मंडळानं खाल्लं नव्हतं, आम्हीच सांडलं होतं.

मुलीच्या आईला हे सांगताना आमची मान खाली होती. त्या म्हणाल्या, "बरं झालं मग, शेजारच्या गावाशी भांडायला नको." आता आमच्याकडे नियम असा केलाय की गाणारी आधी स्वतःचं, गावाचं आणि गाण्याचं नाव स्वतःच्या तोंडानं म्हणते, आणि श्वास न तोडता गाणं सुरू करते. कापायला जागाच ठेवायची नाही. जुन्या तबकड्यांवर काही गायिका शेवटी आपलं नाव सांगायच्या, तसंच.

मुलीचं मात्र नावावरून फारसं भांडण नव्हतंच. तिला खुपलं होतं ते 'जातो'. ती त्या मुलाला आमच्यासमोर म्हणाली, "तुझी गाडी चुकली तर तुझा एक तास बुडतो. माझी चुकली तर कॉलेज सुटतं. तू जातो म्हटलंस की ते गाणंच राहत नाही." आम्ही त्याला कोम्ब्सचं गाणं ऐकवलं, तो शब्द कुठे येतो ते दाखवलं. त्यानं दोनदा ऐकलं. मग म्हणाला, "तिकडं चालतंय. इथं मी जाते म्हटलं तर पोरं वर्षभर चिडवतील."

दिवाळीच्या कार्यक्रमात त्यानं गाण्याआधी तिचं नाव घेतलं, गावासकट, आणि घरच्या बोलण्याचं गाळलेलं कडवंही म्हटलं. 'जातो' तेवढं तसंच ठेवलं. आम्ही तिच्याकडे पाहिलं तर ती दुसरीकडेच बघत होती. नवीन गाणं लिहायला घेतलंय तिनं. कशावर ते आम्हालाही सांगत नाही, आणि वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून ठेवलीय म्हणते.